लुटणे : कर्ता कोण?

दोस्तहो, मॅट्रिकच्या व्याकरणात शिकवलं होतं : क्रियापदाला 'कोण' विचारा, कर्ता सापडतो. इंग्रजी पेपरात एक क्रियापद असं आहे की त्याला 'कोण' विचारावंच लागत नाही. ते वाचलं की डोळ्यापुढं माणूस आपोआप उभा राहतो. काळा, फाटका, वस्तीतला. ते क्रियापद म्हंजे 'लूट'.

शब्द आपल्याकडचाच. दसऱ्याला आपट्याची पानं लुटतात तोच. साहेबानं इथून गलबतं भरभरून नेली त्यात हाही गेला. १७८८ साली लंडनला छापलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या यादीत तो आहे. १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन कोश सांगतो की चीनची लढाई, क्रिमियाची लढाई आणि १८५७ चा उठाव ह्या काळात तो विलायतेत रुळला. म्हंजे शिपायांच्या तोंडून, बंदुकीच्या धुरातून.

पण साहेब स्वतः काय करत होता? १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मेला, खजिना फुटला, हुद्द्याप्रमाणे वाटण्या झाल्या. सेनापतीला लाखावर पौंड. कागदावर शब्द कुठला? 'प्राइझ मनी'. बक्षीस! १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हाही हिशोबाच्या वहीत 'डेक्कन प्राइझ मनी'च. कंपनीच्या त्या फौजेत आपले पूर्वज होते, भीमा कोरेगावचा स्तंभ त्यांच्या शौर्याचा साक्षी आहे, ते मी कुणाला झाकून ठेवू देणार नाही. पण हुद्द्यानं वाटणी म्हंजे मोठा घास कुणाच्या ताटात पडला ते सांगायला नको.

१८६० ला तर कहर झाला. इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी महाल धुऊन नेला, मग इंग्रजांनी तो पेटवून दिला. तिथलं एक छोटं कुत्रं एका कॅप्टननं नेऊन व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं. त्याचं नाव ठेवलं 'लूटी'. राणीच्या मांडीवर बसलं की च्यायला हाच शब्द लाडाचा होतो.

आता २००५ चा ऑगस्ट. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. कॅटरिना वादळात बांध फुटले, शहर पाण्याखाली गेलं. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते निघून गेले. मागं राहिले ते बहुतेक काळे, गरीब, म्हातारेकोतारे. अन्न नाही, पाणी नाही, सरकारचा पत्ता नाही. ३० ऑगस्टचे दोन फोटो जगभर फिरले. एकात काळा पोरगा छातीभर पाण्यातून सामान घेऊन चाललाय. खाली मजकूर : किराणा दुकान लुटून. दुसऱ्यात गोऱ्या कातडीची दोघं, एक बाई एक बाप्या, तसल्याच पाण्यातून तसलंच सामान घेऊन. खाली मजकूर : दुकानातला पाव आणि सोडा सापडल्यावर.

ओरड झाली तेव्हा खुलासे आले. काळ्या पोराला दुकानात शिरताना आमच्या माणसानं पाह्यलं, असं पहिली वृत्तसंस्था म्हणाली. दुसरा फोटोवाला म्हणाला, ह्या दोघांना मी आत जाताना पाह्यलं नाही, माल तरंगत बाहेर आला होता. दोघांनाही मी खोटं पाडत नाही. माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजीत 'टेक' नावाचं क्रियापद आहे, पहिलीच्या पोरालाही येतं. घेतला. पाव घेतला. दोन्ही फोटोंखाली चाललं असतं, त्यात काही खोटं नव्हतं. ते हाताशी असून कुणाला सुचलं नाही. एकाला 'लूट' सुचलं, दुसऱ्याला 'सापडणं'.

आणि हा नुसता शब्दाचा खेळ नाही. ३१ ऑगस्टला महापौरानं सुमारे १५०० पोलिसांना माणसं वाचवायचं काम सोडून लुटारू आवरायला पाठवलं. माणसं अजून छपरांवर होती! महापौर स्वतः काळा होता, हेही लिहून ठेवतो. खुर्ची कातडीचा रंग विसरायला लावते, हे आपल्याला इथं नवीन नाही. २ सप्टेंबरला हेन्री ग्लोव्हर ह्या ३१ वर्षांच्या काळ्या माणसाला दुकानांच्या संकुलात पहाऱ्यावर असलेल्या पोलिसानं गोळी घातली. दुसऱ्या पोलिसानं त्याचं प्रेत मोटारीसकट जाळलं. जाळणारा तुरुंगात गेला. गोळी घालणारा २०१३ ला फेरखटल्यात सुटला. आणि आणीबाणीत 'लूट' केली तर लुइझियानाच्या कायद्यानं कमीत कमी ३ वर्षं सक्तमजुरी.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. असले शब्द बोटीतून माझ्याकडेही येतात. मालाच्या विम्याच्या कागदावर तीन शब्द जोडीनं असतात : थेफ्ट, पिल्फरेज, नॉन-डिलिव्हरी. पिल्फरेज म्हंजे पेटी जाग्यावर, आतला माल थोडा कमी. मूठ-दोन मूठ. मूठ कुणाची? इंग्रजीला विचारावं लागत नाही, आमचीच. म्हणून सुट्टी झाली की गेटवर डबा उघडून दाखवायचा आम्ही, कंबर चाचपून घ्यायची आम्ही. मोटारीची काच वर असते, तिला सलाम. आणि ज्यानं बँकेचे कोट्यवधी मुद्दाम थकवले त्याला रिझर्व्ह बँकेच्या भाषेत नाव आहे 'विलफुल डिफॉल्टर'. किती अदबीचं! मराठीत म्हणतात कर्जबुडवा. त्याला लुटारू म्हणायला जीभ रेटत नाही.

मराठी पेपर तरी काय वेगळे? हायवेवर तेलाचा टँकर उलटतो, आसपासच्या पालावरच्या बाया कळश्या घेऊन धावतात. दुसऱ्या दिवशी मथळा : तेल लुटायला झुंबड. सांडलेलं, मातीत जाणारं तेल!

आपले काही दोस्त पेपरांच्या डेस्कवर रात्रपाळी करतात, इंग्रजी तारेचं मराठी करतात. त्यांना एवढंच सांगणं. बातमीत 'लूटिंग' आलं की डोळे झाकून 'लूट' टाकू नका. काय नेलं ते लिहा. पाव की टीव्ही, दूध की दागिने. दुकान उघडं होतं की फोडलं, पाणी किती होतं, किती दिवसांचा उपाशी होता ते लिहा. एका क्रियापदाच्या जागी चार ओळी जातील. संपादक कुरकुरला तर जाहिरातीतल्या चार ओळी कापायला सांगा.