रिसाल्याचा माग

हिंगोलीत रिक्षावाल्याला ‘रिसाला बाजार’ एवढंच सांगितलं की पुरे. तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावंही आपल्या तोंडात अशीच बसलेली. रिसाला म्हणजे घोडदळ. पण इथलं घोडदळ पुढे गेलं कुठे, हे आपण पोरांना कधी सांगितलंच नाही. तो माग आज काढायचा आहे, कारण तो १९६५ च्या रणांगणावर एका मराठी सेनापतीपाशी जाऊन पोचतो.

हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली अशा ठाण्यांवर असे. तिच्या खर्चापायी १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या बाजूने ही फौज झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. हेही आपण लपवू नये. १९०३ साली कंटिन्जंट मोडून तिची पथकं हिंदुस्थानी सैन्यात मिळवली गेली. छावणी उठली, वस्त्यांची नावं राहिली.

त्या रिसाल्यांतून पुढे ‘डेक्कन हॉर्स’ ही रेजिमेंट घडली. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तिचे स्वार भाले घेऊन मशीनगनसमोर गेले. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. आणि १९६५ मध्ये या रेजिमेंटचं नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. जन्म १९२६, अलिबागचा. सैन्यात अधिकारी झाले १९४५ मध्ये.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन आत घुसली. तिच्याकडे अमेरिकी पॅटन रणगाडे होते. वैद्यांकडे होते दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. समोरासमोर भिडलं तर शर्मनचा टिकाव लागणं कठीण. रणगाड्याची लढाई म्हणजे वेग आणि धडक, अशी रूढ समजूत. इथे उलटं करायचं ठरलं. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी बचावफळी धरली. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. आपले रणगाडे उसात दडवले आणि शत्रूला आत येऊ दिलं.

वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. सप्टेंबरचा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. त्यात उभं राहिलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. भिजलेल्या रानात ट्रॅक्टर घातला की चाक जागीच फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यासरशी आणखी खाली जातं. पॅटनचं वजन चाळीस टनांहून जास्त. ते रुतले, वळता वळता त्यांची बाजू उघडी पडली आणि उसातून गोळे सुटले. अशा वेळी दडून थांबणं हे धावून जाण्याहून अवघड असतं. वैद्य गोळीबारात एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चावर फिरत जवानांना धीर देत राहिले. १० सप्टेंबरपर्यंत शत्रूचा कणा मोडला होता. पाकिस्तानचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले, असं सांगितलं जातं. हवालदार अब्दुल हमीद याच लढाईत धारातीर्थी पडले. वैद्यांना महावीर चक्र मिळालं.

सहा वर्षांनी नेमकी उलट परीक्षा आली. डिसेंबर १९७१, शकरगड भागातली बसंतरची लढाई. ब्रिगेडियर वैद्यांकडे सोळावी आर्मर्ड ब्रिगेड होती. पुढे सुरुंग पेरलेली जमीन, पलीकडे पोचलेल्या आपल्या पायदळावर शत्रूच्या रणगाड्यांचं सावट. सुरुंग पुरते निघेपर्यंत थांबलं असतं तर पायदळ चिरडलं गेलं असतं. त्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग यांनी अर्धवट साफ झालेल्या वाटेने रात्रीच रणगाडे पार नेले. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. असा दुहेरी मान आजवर मोजक्याच जणांच्या वाट्याला आला आहे.

एकदा थांबून जिंकले, एकदा न थांबता. चाकोरी मोडणं म्हणजे बेफिकिरी नव्हे. पायाखालची जमीन, हातातलं हत्यार आणि समोरचा माणूस यांचा अंदाज घेऊन मग पुस्तक बाजूला ठेवणं, हे त्यांना साधलं होतं.

१९८३ मध्ये ते सेनाप्रमुख झाले, तेही सेवाज्येष्ठतेचा पायंडा मोडून. लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. जून १९८४ ची सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई वैद्यांच्याच कारकिर्दीतली. त्या कारवाईच्या जखमा देशाने पुढे अनेक वर्षं सोसल्या. जानेवारी १९८६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्यात राहिले. १० ऑगस्ट १९८६ ला स्वतः गाडी चालवत पत्नीसह घरी परतताना मोटारसायकलवरच्या मारेकऱ्यांनी त्याच कारवाईच्या सुडापोटी त्यांना गोळ्या घालून ठार केलं.

पुण्यात त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, मुंबईत रस्ता आहे. हिंगोलीत काहीच नसावं, याचं मला वाईट वाटतं. राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आपल्या गावात आहे. पहाटे इथल्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरं मी रोज पाहतो. पायात साधे बूट, हातात मोबाइलवरचं घड्याळ, तोंडात सेकंदांचा हिशेब. आपल्या गल्लीच्या नावाचा वारसा असल उत्तरच्या उसापर्यंत पोचतो, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

माझी नगरपालिकेला आणि शाळांना विनंती आहे. रिसाला बाजारात चार ओळींचा एक फलक लावा. दर १० सप्टेंबरला तासभर काढून मुलांना ही हकिगत सांगा. खर्च किरकोळ आहे, आणि हकिगत आपल्याच गावातून निघालेली आहे.