आम्ही ठेवलेलं नाव : टँक ट्रूप

गेल्या जूनमध्ये आमच्या पीटीच्या मैदानावर एक वेगळी रांग उभी राहायची. वार्षिक वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. उंची आणि वयाच्या तक्त्यापेक्षा ज्यांचं वजन जास्त भरत होतं, अशा चौदा जणांना मी बाजूला काढलं होतं. त्या रांगेला ‘टँक ट्रूप’ हे नाव दिलं तेही मीच. युनिट हसलं. ते चौदा जणही हसले. हसतील नाही तर काय करतील, समोर टूआयसी उभा होता.

त्या रांगेत पहिले होते आमचे हेड क्लार्क साब. सुभेदार, वय सेहेचाळीस, फायलीतला कोणता कागद कुठं आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस. डुआर्समध्ये जूनची सकाळ म्हणजे ओलं घोंगडं पांघरून धावण्यासारखं असतं. तपासणीच्या आदल्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला ते चहामळ्याच्या कुंपणापाशी कोसळले. दोन दिवस त्यांनी जेवण सोडलं होतं आणि बाजारातून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. काट्यावर तीन किलो कमी दिसावेत म्हणून. रक्तातले क्षार इतके खाली गेले होते की हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. शुद्धीवर आल्यावर मला पाहून ते पहिलं वाक्य बोलले, “साब, वजन तो कम हुआ होगा ना?”

या वाक्यामुळे आज लिहितो आहे.

माझे निवृत्त वाचक आता काय म्हणणार ते मला माहीत आहे. ‘मेजर, फौज म्हणजे काय वृद्धाश्रम आहे का? पंधरा हजार फुटांवर जो स्वतःला ओढू शकत नाही, तो जखमी साथीदाराला काय ओढणार?’ कबूल, शंभर टक्के कबूल. बीपीईटीची पाच किलोमीटरची दौड, दोर, नऊ फुटांचा खड्डा यातलं काहीही कुणाला माफ करा असं मी म्हणत नाही. जास्त वजनानं रक्तदाब, मधुमेह, गुडघे हे सगळं येतं, तेही कुणी नाकारत नाही. माझं भांडण मापदंडाशी नाही. मापदंडाच्या आडून आपण जी चेष्टा करतो आणि तिला ‘शिस्त’ म्हणतो, तिच्याशी आहे.

आता ही चेष्टा कुणाची होते ते पाहा. त्या चौदांत चार क्लार्क होते, पाच ड्रायव्हर, दोन स्टोअरवाले आणि एक कुक. रायफल कंपनीचे फक्त दोन. हा काय योगायोग? हेड क्लार्क साबना पीटीवरून उठवून ऑफिसात कोण बसवत होतं? मीच. ऑडिट आहे, इन्स्पेक्शन आहे, ब्रिगेडला रिटर्न आजच जायला हवं. सकाळी सहा ते रात्री नऊ माणसाला खुर्चीला बांधायचं, चारला चहाबरोबर लंगरची पकोडी पाठवायची, बड्याखान्याला पुरी-जिलेबीचा आग्रह करायचा आणि वर्षाच्या शेवटी त्याच्याच पोटाकडं बोट दाखवून हसायचं. त्या पोटाची निम्मी इंडेंट माझ्या सहीनं गेली होती!

आणि काटा तरी किती खरा? उंचीला वजनाशी ताडून पाहणारं हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले यांनी मांडलं. ते खगोल आणि संख्याशास्त्राचे माणूस, डॉक्टर नव्हेत. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एकेका माणसाची तब्येत ठरवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच गंमत छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2. एकजण मॅरेथॉन धावणारा, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. काट्यावर मात्र दोघे भाऊ-भाऊ. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून चरबीचा निघतो, हे खडकवासल्यापासून तासाभरावर बसलेल्या डॉक्टरनं जगाला दाखवून दिलं. तरी आमच्या मेसमध्ये रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या काटकुळ्या साहेबाला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. त्यांची पँट वीस वर्षं तीच आहे, याचं उलट कौतुक होतं.

(लंबोदराचं उदाहरण देणार नाही. ते सगळेच देतात आणि भाद्रपद संपला की पुन्हा ‘ए ढोल्या’ म्हणतात.)

तुम्ही म्हणाल, थोडी लाज वाटली तरच माणूस सुधारतो. मीही एनडीएपासून हेच मानत आलो. स्क्वाड्रनमधल्या एका जाड्या मुलाला आम्ही तीन वर्षं ‘भोपळ्या’ म्हणत होतो. तो कमिशन होऊन गेला, म्हणून आमचीच पद्धत बरोबर, असं समजून चाललो. पण लाज काय करते, ते मी हेड क्लार्क साबच्या कागदांत वाचलं. गेलं वर्षभर ते ऑफिसात बसल्या बसल्या पेंगायचे. लोक हसायचे. बरॅकमध्ये त्यांच्या घोरण्याच्या नकला व्हायच्या. इस्पितळातल्या तरुण लेडी कॅप्टननं तपासलं तेव्हा कळलं, झोपेत त्यांचा श्वास वारंवार थांबतो. वाढलेल्या वजनातून होणारा हा आजार, आणि झोपच पुरी होत नसल्यामुळं वजन उतरवणं आणखी अवघड. उपचार आहे. मग ते एमआय रूममध्ये गेले का नाहीत? कारण तिथं पाऊल टाकलं की आधी काटा, काट्यामागं रांग, रांगेत कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचणारा. वजनाचा शेरा पडला की चोवीस आठवड्यांची लो मेडिकल कॅटेगरी, आणि पुढं प्रमोशन बोर्ड. माणूस आजार लपवणार नाही तर काय करणार?

त्या कॅप्टननं मला फक्त एवढंच विचारलं, “सर, टँक ट्रूप म्हणजे काय? ते झोपेत बोलत होते.” एकवीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं उघडं पाडलं नव्हतं.

मी माफी मागायला गेलो तर ते पलंगावर सावधान बसले. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

आता आमचा काटा पडद्यामागं असतो आणि आकडा फक्त डॉक्टर पाहतो. त्याच्यासोबत कमरेचं मापही घेतलं जातं. वेगळी रांग बंद झाली. वजन उतरवायचं आहेच, पण ते आपापल्या कंपनीबरोबर, नावानं हाक मारून. सकाळी सहा ते साडेसात ऑफिसला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडं. एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर विचारलं, ‘फौज आता मखमलीत ठेवणार का?’ मी म्हटलं, एकदा ये, त्यांच्याबरोबर धावून बघ. साब अजून तक्त्याच्या वरच आहेत, सहा किलोनी. पण पाच किलोमीटर न थांबता पुरे करतात, आणि रात्री तोंडाला मशीन लावून झोपतात.

आज सकाळी सातला ब्रिगेडमधून फोन आला, महिन्याचं रिटर्न अजून का आलं नाही म्हणून. हेड क्लार्क साब मैदानावर आहेत, आठला येतील, असं सांगितलं.