बिल्ला मागून नको, करून मिळावा



आपल्या शाळेत कब-बुलबुल पथक आहे. मुलगे कब आणि मुली बुलबुल. कबला प्रथम ते चतुर्थ असे चार चरण असतात. बुलबुलला कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख असतात. एकेक पायरी चढली की बिल्ला मिळतो. पण काही मुले म्हणतात, "बिल्ल्याला मार्क थोडेच आहेत?" काही घरी सांगतात, "त्यापेक्षा पाढे पाठ कर." मला हे पटत नाही.

बेडन पॉवेल साहेबांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राऊनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. त्यातून स्काउट सुरू झाले. मग त्यांचे धाकटे भाऊ म्हणू लागले, आम्हालाही घ्या! म्हणून १९१६ साली छोट्यांचे कब निघाले. म्हणजे बघा, कबमध्ये मुलांना कोणी ओढून आणले नव्हते. ती हट्ट धरून आली होती. तसा हट्ट आपल्यालाही वाटला पाहिजे. तो खाऊ देऊन येत नाही आणि रागावून तर मुळीच येत नाही.

मग कसा येईल? शिकलेली गोष्ट खरोखर उपयोगी पडली की येतो. रीफ गाठ जखमेची पट्टी बांधायला चालते, कारण ती सपाट बसते आणि सुटतेही लवकर. जाड आणि बारीक दोर जोडायला शीट बेंड गाठ लागते. विहिरीवर, गोठ्यात, अंगणात दोर तर रोजच लागतो. माझे आजोबा शेळीचे दावे खुंट्याला अशी झटपट बांधतात की त्यांनाच आधी बिल्ला द्यावा लागेल! म्हणून पालकांनी घरी नुसते म्हणावे, "दाखव बरं, काय शिकलास?" आणि एखादे काम आपल्या हाती द्यावे. मग बघा पोरं कशी पळत येतात.

दुसरे असे की, सगळ्यांना एकदम बिल्ले वाटू नयेत. फुकट मिळालेला बिल्ला दोन दिवसांत हरवतो. पण गाठ चुकली तर हसूही नये, पुन्हा करू द्यावी. कबचे ब्रीद हिंदीत 'कोशिश करो' असे आहे. 'पहिला नंबर काढा' असे नाही. ज्याला आले त्याने शेजारच्याला शिकवावे. ही काही शर्यत नाही, दोघांनाही बिल्ला मिळू शकतो.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. गणवेश नाही म्हणून काही मुले मागे बसून नुसती बघतात. ते मला फार वाईट वाटते. गाठ मारायला काय गणवेश लागतो? मोठ्या भावंडांचे लहान झालेले गणवेश घरात पडून असतील, तर ते शाळेत आणून द्यावेत.

कबमध्ये दहा वर्षांपर्यंतच राहता येते. म्हणून आम्हा चौथीच्या मुलांचे हे शेवटचे वर्ष आहे. पुढच्या शाळेत आम्ही स्काउट आणि गाइड होऊ. पण तिसरीच्या मुलांनो, तुमच्या हातात अजून एक वर्ष आहे. आजच दोर घ्या आणि बसा!

— इयत्ता चौथीचा एक कब