पुलाआधी प्रेते का?

२६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘डाली’ हे अजस्र मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले आणि १९७७ सालचा तो पूल क्षणार्धात कोसळला. जहाजाने दिलेल्या इशाऱ्यामुळे वाहतूक थांबवता आली. पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर मात्र मेले. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेली ही माणसे. अशा धडकेचा धोका आधी मोजण्याची पद्धत उपलब्ध असूनही या पुलासाठी ती वापरलीच गेली नव्हती, असे पुढे चौकशीत आढळले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ मे रोजी, उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात बुडाली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. येथे होडी पुलावर आदळली नाही, कारण आदळण्यापुरताही पूल तेथे नव्हता.

वाऱ्याला दोष देऊन हा विषय मिटत नाही. १९८० साली भीमेवरील हे धरण पूर्ण झाले. उसाला, कारखान्यांना, शहरांना पाणी मिळाले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांना मात्र पलीकडचा बाजार, दवाखाना आणि सोयरेधायरे गाठण्यासाठी होडी उरली, नाहीतर लांबचा वळसा. धरणामुळे लोहमार्ग हलला, तेव्हा डिकसळचा ब्रिटिश अमदानीतील रेल्वेपूल रस्त्याच्या कामी आला. तोही आता थकला आहे. पुलाची मागणी या गावांत जुनीच होती. सहा प्रेते निघाल्यावर तिला वजन आले.

२ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे शासनाला पूल बांधता येतो. त्याआधी माणसे मरावी लागतात, एवढेच.

पूल हा उपकार नव्हे, पुनर्वसनाचे थकलेले देणे आहे. लांबवर पसरलेल्या या जलाशयाचा प्रश्न एखाद्या पुलाने संपणारही नाही. म्हणून जुन्या पुलांची तपासणी करून तिचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा. जेथे होडीवाचून गत्यंतर नाही, तेथे शासनाच्या खर्चाने प्रत्येक उतारूला जीवरक्षक जाकीट मिळावे आणि वारा सुटताच होडी रोखण्याचा अधिकार असलेला माणूस धक्क्यावर असावा. काठावरच्या गावांतील कार्यकर्त्यांनी हा आग्रह पुढच्या वादळापूर्वी धरला पाहिजे. नंतर धरल्यास ती केवळ शोकसभा ठरेल.