लावणी टिकली, बतावणी कुठं गेली?

‘बुगडी माझी सांडली गं’ तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी त्यावर नाचलेलंच असतं. आता एक सांगा, तमाशातली एक तरी बतावणी आठवते? नाही ना. काऊन?

अमेरिकेत १९५०च्या दशकात बर्लेस्क नावाचा प्रकार शेवटच्या घटका मोजत होता. नाच, गाणी, विडंबन आणि कपडे उतरवत जाणारी नर्तकी, असा तो सगळा मसाला. आयर्विंग क्लॉ नावाच्या माणसानं ‘व्हरायटीज’ (१९५४) आणि ‘टीझरामा’ (१९५५) या स्वस्तातल्या फिल्म काढल्या. कथा जवळपास नाहीच. कॅमेरा समोर ठेवला आणि एकेक आयटम होऊ दिला. हेतू गल्ल्याचा होता, संस्कृती वाचवायचा अजिबात नव्हता. पण नर्तकींच्या मधे येणारे विनोदवीर त्यात आपसूक टिपले गेले. त्यांचे जुने, घासून गुळगुळीत झालेले जोक आजही बघता येतात.

आपल्याकडे त्याच काळात तमाशा पडद्यावर गाजत होता. १९४७ला राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’, १९५९ला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. हा दुसरा तर पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून जास्त चालला! हंसा वाडकर, जयश्री गडकर पडद्यावर काय दिसतात, हे मी सांगायची गरज नाही. पण सिनेमाला गोष्ट हवी होती आणि गाणी हवी होती. फडावर बाई स्वतः गायची. इथं ‘बुगडी’ला आवाज आशा भोसलेंचा. गाणं अप्रतिम आहे, वाद नाही. फक्त ते फडावरचं नाही.

खरा फटका बसला सोंगाड्याला. गण झाला की गवळण लागायची. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवणार, मावशी त्यांच्याशी हुज्जत घालणार. ही मावशी म्हणजे बहुतेकदा लुगडं नेसलेला पुरुष. देवाची सरळ टर उडवायची आणि त्यातच गावचा पाटील, सावकार, सरकार सगळ्यांना कोपरखळ्या! बतावणी तर हजरजबाबीच. कालची आज तशीच होईल याची गॅरंटी नाही. आज ज्याला तुम्ही रोस्ट म्हणता ते हेच. मुंबई सरकारनं तमाशावर आधी बंदी घातली, मग ती उठवताना संहिता मंजूर करून घ्यायची अट घातली. ऐन वेळी सुचणारी गोष्ट कागदावर कशी देणार, राव? तिकडे सरकारनं कात्री लावली, इकडे सिनेमानं हे सगळं दोन लावण्यांमधली विश्रांती करून टाकलं.

आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे हा सगळा तमाशा ‘तिकडचा’ वाटेल. पण आपली खडी गंमत आहेच की! शाहीर उभ्यानं गातो, ढोलकी-तुणतुणं वाजतं, आणि बाईच्या वेशात पोरगाच नाचतो. पुण्या-कोल्हापूरच्या सिनेमानं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एका अर्थी बरंच झालं, तिला कुणी छाटलं नाही. पण म्हणूनच मोठ्या पडद्यावर तिची आठवणही उरली नाही. जे आहे ते म्हाताऱ्या शाहिरांच्या डोक्यात.

दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गावांत मंडई भरते. तिथं खडी गंमत असते, दंडारही असते. तुम्ही जाताही; नाच्याची तीस सेकंदांची रील करता, वर हसण्याच्या इमोजी. म्हणजे ५९ साली सिनेमानं जे केलं तेच, फक्त आणखी छोटं. यंदा क्लॉसारखं करा. आधी शाहिराला विचारा, फोन स्टँडवर लावा, आणि गणापासून शेवटपर्यंत हात लावू नका. सोंगाड्या बोलायला लागला की आवाज नीट येतोय ना, तेवढं बघा. नंतर सगळ्यांची नावं आणि गाव लिहून घ्या, नाच्याचंसुद्धा. आणि हो, निघताना शाहिराच्या हातात बक्षिसी ठेवा, जशी बाकीचे ठेवतात.