आम्हाला नुसते श्रोते म्हणून बोलावू नका

संगीतशिक्षकांसाठी परिषदा, शिबिरं आणि कार्यशाळा भरवणाऱ्या सर्व ज्येष्ठांना,



मी तालुक्याच्या गावात गाण्याचा क्लास चालवते. सकाळी गृहिणी येतात, दुपारी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, संध्याकाळी घरी मुलांच्या तुकड्या. माझ्यासारखे शेकडो जण महाराष्ट्रात आहेत. मैफलीच्या जाहिरातीत आमची नावं नसतात आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. हे पत्र लिहावंसं वाटलं ते वेगळ्या कारणासाठी. जिथे आमचं नाव घेऊन आम्हाला बोलावलं जातं, तिथेही आमच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही. हे आता फार लागतं.

तुमच्या पत्रिकेवर ‘शिक्षक उद्बोधन कार्यशाळा’ असं छापलेलं असतं. ते वाचून आम्ही निघतो. क्लासला सुट्टी द्यावी लागते, पालकांची कुरकुर ऐकावी लागते, पहाटेची एसटी गाठावी लागते. प्रवेशशुल्क आपल्याच खिशातून जातं आणि तासिकेचे त्या दिवसाचे पैसे बुडतात ते वेगळेच. तिथे दीपप्रज्वलन होतं, सत्कार होतात, मग एखाद्या नामवंत गायकाचं सप्रयोग व्याख्यान असतं. ते गातात सुंदर, यात शंका नाही. अनवट राग ऐकायला मिळतात, घराण्याच्या आठवणी ऐकायला मिळतात, आम्ही वह्यांत बंदिशी उतरवून घेतो. संध्याकाळी प्रमाणपत्रं आणि सामूहिक फोटो. निघताना संयोजक सांगतात, पुढच्या महिन्यात आपला महोत्सव आहे, विद्यार्थी घेऊन नक्की या. एवढ्या सगळ्यात आठ वर्षांच्या मुलाला षड्ज सापडत नसेल तर काय करावं, याबद्दल चकार शब्द निघालेला नसतो.

अशाच एका कार्यशाळेत मी प्रश्न विचारला होता. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा होता. लहानपणापासून काळी चारमध्ये खुशाल गाणारा, सुराला पक्का. एका संध्याकाळी भूपातली बंदिश म्हणताना तार षड्जावर त्याचा आवाज फाटला. शेजारच्या मुली हसल्या. त्याने पुन्हा सूर लावायचा प्रयत्न केला, पुन्हा घोगरा आवाज आला, तेव्हा तो उठून पेटीच्या मागे जाऊन बसला आणि त्या दिवशी पुढे गायलाच नाही. आवाज फुटतोय हे मला कळत होतं. पण या काळात त्याला गाऊ द्यायचं की थांबवायचं, गाऊ दिलं तर कोणत्या पट्टीत, किती वेळ, हे मला विशारदच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. म्हणून विचारलं.

व्यासपीठावरच्या तज्ज्ञांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “बाई, या वयात मुलगे गळतातच. तुम्ही मुलींकडे लक्ष द्या.” सभागृह हसलं. सूत्रसंचालकांनी पुढचा प्रश्न घेतला.

मला उत्तर शेवटी मिळालं ते आमच्या गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं की या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, आणि नव्या मापाच्या त्या अवयवावर स्नायूंचा ताबा बसायला वेळ लागतो. मग मी त्या मुलासाठी रोजचा षड्ज रोज शोधायला लागले. तो बोलतो त्या सुराच्या आसपास कुठेतरी तो मिळायचा, कधी पांढरी एक, कधी त्याच्याही खाली. पाच-सहा सुरांच्या आतच फिरायचं, तार सप्तकाला हात लावायचा नाही, ताना पूर्ण बंद. गळा थकला की पेटी, हातावर ठेका धरणं, चिजा पाठ करणं. मुलगा टिकला, आता गातो. पण एका गायन शिकवणाऱ्या बाईला हे एखाद्या गायन शिकवणाऱ्यानेच सांगायला हवं होतं. त्या सभागृहात केस पिकलेले कितीतरी शिक्षक बसले होते. त्यांनी अशी मुलं नक्की हाताळली असणार. एकानेही चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन चार शब्द सांगितले नाहीत.

ही अपेक्षा अवाजवी आहे का? माझ्या वाचनावरून तरी ती तशी वाटत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गवयांइतकीच शिक्षकांची गरज त्यांना दिसत होती. त्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र उपदेशक वर्ग होता. गाणं गावोगाव न्यायचं तर ते नेणारी माणसं मुद्दाम घडवावी लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. १९३१ साली मिरजेत त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादेत जमले व गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. वेगवेगळ्या शहरांत शिकवणारी ही माणसं होती आणि आपण एकेकटे पुरणार नाही हे त्यांना कळलं होतं.

पं. भातखंड्यांचं उदाहरण तर मला अधिक जवळचं वाटतं. ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झालं. त्याआधी तिथल्या गायकांना भातखंड्यांकडे मुंबईला धाडण्यात आलं, त्यांत राजाभैया पूछवाले होते. ग्वाल्हेरच्या घरंदाज गायकीत वाढलेले हे लोक. त्यांना गाणं येत होतं, तरीही वर्गात कसं शिकवायचं हे शिकण्यासाठी ते विद्यार्थी होऊन बसले. पुढे राजाभैयांनी त्याच विद्यालयात पिढ्या घडवल्या. गाता येणं आणि शिकवता येणं ही दोन कामं आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेलं होतं. आज मात्र मैफलीत टाळ्या मिळवणाऱ्याला आपण आपोआप उत्तम शिक्षक समजतो, आणि शिक्षकांना शिकवायला त्यालाच बोलावतो.

आणि प्रा. बी. आर. देवधर? मुंबईत त्यांनी विद्यालय चालवलं, ‘संगीत कला विहार’चं संपादन केलं, आवाजाच्या जोपासनेचा कसून अभ्यास केला. आवाज म्हणजे नशिबाने मिळालेली वस्तू नव्हे, तो राखावा आणि वाढवावा लागतो, हा विचार मराठी संगीतजगतात केव्हाच आला होता. पुढे डॉ. अशोक दा. रानड्यांनीही त्यावर पुष्कळ काम केलं. मग तो विचार माझ्या तालुक्यापर्यंत का पोहोचला नाही? वाटेत कुठे अडला?

आमच्या रोजच्या अडचणी मोठ्या शास्त्राच्या नसतात, पण त्या सुटल्या नाहीत तर पुढचं शास्त्र चढतच नाही. एका खोलीत पंधरा मुलं, पेटी एक. मुलींना काळी चार सोयीची, मोठ्या मुलाला काळी एक, आणि दोघांना एकत्र पलटे घ्यायचे. अशा वेळी कोणाच्या गळ्यावर अन्याय करायचा? मी दिवसभर मुलांच्या पट्टीत गाऊन दाखवते आणि रात्री माझा आवाज बसलेला असतो. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला स्वरतंतूंवर गाठी झाल्या, महिनोन्‌महिने गप्प बसावं लागलं, क्लास मोडला. उदरनिर्वाहच गळ्यावर असणाऱ्या माणसांना गळा कसा वापरावा हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यात दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षेपुरती येणारी मुलं वाढली. वडील सरळ विचारतात, “तीन परीक्षा लवकरात लवकर कशा होतील?” त्या मुलांना दोन-तीन वर्षांत गाण्याची गोडी लावायची संधी आहे असं मला वाटतं. ती कशी लावतात, हे ज्यांना जमलंय त्यांच्याकडून ऐकायला मी पुन्हा पहाटेच्या एसटीने येईन.

आमचं आपसातलंही सांगते, कारण ते दुखणं याच पत्रात यायला हवं. एकाच गावातले दोन क्लासवाले भेटतात ते परीक्षा केंद्रावर, तेही नजर चुकवून. परीक्षकांसमोर कोणाची मुलं किती तयार, याचीच मोजदाद. कोणाचा विद्यार्थी कोणी पळवला याची वर्षानुवर्षं अढी. बंदिशींची वही कुलपात. ज्या भातखंड्यांनी दारोदार फिरून, विनवण्या करून चिजा मिळवल्या आणि सगळ्यांसाठी छापून टाकल्या, त्यांची क्रमिक पुस्तकं वापरणारे आम्ही, आणि पट्टी बदलण्याची एखादी युक्ती शेजारच्या बाईंना सांगायला कचरतो. वाईट वाटतं. पण ही वृत्ती आम्ही जन्मतः घेऊन आलेलो नाही. एकत्र बसून कामाबद्दल बोलण्याची जागाच कोणी निर्माण केली नाही, म्हणून ती रुजली, असं माझं मत आहे.

कारण जागा मिळाली तेव्हा काय झालं ते मी पाहिलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळे क्लास मोबाइलवर आले. झूमवर तंबोरा लावला की काही क्षणांत तो ऐकू येईनासा व्हायचा. सलग एकसारखा नाद त्या यंत्रणेला मागचा गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते. आम्ही हवालदिल. शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांनी ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय शोधून काढली आणि रात्री दहा वाजता फोन करून मला सांगितली. मी आणखी चौघांना सांगितली. आवाज उशिरा पोहोचतो म्हणून सगळ्यांनी एकत्र गायलं की लय फिसकटते. तेव्हा इतरांचे माइक बंद ठेवून एकेकाला गायला लावायचं, हे एका तरुण मुलीने सुचवलं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले लोक रोज बोलत होते, एकमेकांचे तास पाहत होते. मी माझ्या व्यवसायात इतकं कधीच शिकले नव्हते. टाळेबंदी उठली, ज्याचा त्याचा क्लास सुरू झाला, फोन थांबले. त्या वेळी तुमच्यापैकी कोणी हा धागा हातात धरला असता तर आज चित्र वेगळं असतं. तुमच्याकडे सभागृहं आहेत, निधी आहे, तुमच्या शब्दाला वजन आहे.

माझं मागणं फार नाही. पुढच्या कार्यशाळेत एक सबंध सकाळ प्रत्यक्ष वर्गाला द्या. व्यासपीठावर दहा-बारा साधी मुलं बसवा, निवडक तयारीची नकोत. एखाद्या क्लासवाल्या बाईंना किंवा सरांना अर्धा तास शिकवू द्या आणि मग सगळ्यांनी मिळून त्यावर बोला, काय जमलं, काय नाही. एक तास गळ्याच्या डॉक्टरांना द्या. तीस-चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलेल्या, कुठल्याही महोत्सवात न गायलेल्या एखाद्या वृद्ध शिक्षकांना प्रमुख पाहुणे करा आणि शाल घालून खाली बसवण्याऐवजी बोलू द्या. नामवंतांचं गाणं संध्याकाळी ठेवा, आम्ही आनंदाने थांबू.

पत्रिका छापायला जाण्याआधी मला कळवा. माझ्या क्लासची मुलं मी घेऊन येते, त्यांत तारस्वरावर अडखळणारे दोन मुलगेही असतील. तुमच्या सर्वांसमोर मी त्यांना शिकवीन. जिथे खटकेल तिथे मला थांबवा आणि तुम्ही काय केलं असतं ते करून दाखवा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक संगीतशिक्षिका