चिकटपट्टीची निवड : सुरतेचा मांजा आणि गोव्याचा मधुमेह

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरतेच्या डबगरवाडातील पतंगबाजार गजबजून जातो. १४ जानेवारीच्या उत्तरायणासाठी काचेची पूड लावून सुतलेला सुरती मांजा गुजरातभर प्रसिद्ध आहे. पतंग आणि फिरकीबरोबर या दिवसांत आणखी एका वस्तूची खरेदी होते, ती म्हणजे जखमेच्या मलमपट्टीसाठी वापरली जाणारी पांढरी कापडी चिकटपट्टी. पतंगबाज ती तर्जनीला आणि करंगळीला आधीच गुंडाळून घेतात. मांजा सरसर सुटताना बोट कापू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

हा उपयोग अनुभवातून आलेला आहे आणि तो योग्यही आहे. बोटाची त्वचा धडधाकट असते, पट्टी काही तासांपुरती लावायची असते आणि घर्षण सोसण्यासाठी जाड, चिवट कापड व घट्ट पकड हवी असते. अडचण उद्भवते ती बोट कापल्यावर. तेच गुंडाळे पुन्हा हाती घेतले जाते आणि तीच पट्टी उघड्या जखमेवर आवळून बसवली जाते. त्वचेच्या रक्षणासाठी उत्तम ठरलेली वस्तू जखमेसाठी त्याच गुणांमुळे अपायकारक ठरू शकते. पकड जितकी घट्ट, तितकी ती काढताना नवी त्वचा सोलली जाण्याची शक्यता अधिक.

नायलॉनच्या व अन्य कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने गळा, चेहरा व हात कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बंदीच्या अंमलबजावणीवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. मात्र जखम झाल्यानंतर तिच्यावर काय लावले जाते, हा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. गोव्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

पट्टी जखमेची नव्हे, मलमपट्टीची

चिकटपट्टीचे काम जखम झाकणे हे नाही. जखमेवर ठेवलेली निर्जंतुक गॉज जागेवर धरून ठेवणे, हे तिचे काम. अमेरिकेतील अर्ल डिक्सन या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कर्मचाऱ्याने १९२० मध्ये स्वयंपाकघरात वारंवार बोटे कापणाऱ्या पत्नीसाठी चिकटपट्टीच्या मधोमध गॉजची छोटी घडी बसवली आणि त्यातून ‘बँड-एड’ जन्माला आली. गोंद जखमेला लागू नये, हे त्या कल्पनेचे मर्म होते. शंभर वर्षांनंतरही पट्टी थेट जखमेवर चिकटवण्याची सवय सुटलेली नाही.

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांचे ढोबळ प्रकार पाहिले, तर निवडीचे सूत्र उलगडते. झिंक ऑक्साइडयुक्त कापडी पट्टी चिवट असते व तिची पकड घट्ट असते. सांध्याला आधार देणे किंवा जड मलमपट्टी रोखून धरणे यासाठी ती उपयोगी पडते. तिच्या पारंपरिक गोंदात नैसर्गिक रबर असते, त्यामुळे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी सावध राहावे. कागदी, सूक्ष्म छिद्रांची पट्टी हलकी असते, तिच्यातून घाम व वाफ बाहेर पडते आणि ती हाताने सहज फाटते. नाजूक त्वचेवर वारंवार बदलाव्या लागणाऱ्या मलमपट्टीसाठी ती योग्य. भिजल्यावर मात्र तिची पकड सैल होते. सच्छिद्र, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ओलाव्यात अधिक टिकते. रेशमी म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीत बहुधा रेशीम नसतेच, कृत्रिम धागा असतो. कृत्रिम धाग्याच्या कापडाची राजधानी असलेल्या सुरतेला यात नवल वाटणार नाही. सलाइनची सुई व नळ्या घट्ट धरून ठेवण्यासाठी ही पट्टी वापरली जाते.

सर्वात सौम्य असते ती सिलिकॉनच्या गोंदाची पट्टी. नेहमीच्या ॲक्रिलिक गोंदाची पकड काळ जाईल तशी वाढत जाते, सिलिकॉनची फारशी वाढत नाही. त्यामुळे ती निघताना त्वचा ओढली जात नाही. नवजात अर्भके, वृद्ध आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांच्यासाठी ती श्रेयस्कर. ती महाग असते, हीच तिची मोठी मर्यादा.

थोडक्यात, त्वचा कशी आहे, पट्टी किती काळ राहणार आहे आणि त्या जागी ओल व हालचाल किती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड सोपी होते. आपल्याकडे मात्र घरात जे गुंडाळे सापडेल, तेच सर्वांना आणि सर्व ठिकाणी लावले जाते.

दुर्लक्षित इजा

पट्टीमुळे त्वचेला होणाऱ्या इजेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. या विषयावरील तज्ज्ञांचे सहमतिपत्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टी काढल्यानंतर ३० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ लाली, फोड, सोलवटणे असे बदल टिकून राहिले, तर ती चिकट वैद्यकीय साहित्यामुळे झालेली इजा समजावी, असे त्यात म्हटले आहे. पट्टी ताणून लावल्यास सूज वाढताच फोड येतात. बोटाभोवती पूर्ण वेढा घातल्यास रक्ताभिसरण अडते. काढताना पट्टी वर खेचल्यास त्वचेचा वरचा थर तिच्याबरोबर निघतो. यातील बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या आहेत आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

गोव्यात हा तपशील क्षुल्लक ठरत नाही, याचे कारण मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने २००८ ते २०२० या काळात झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. हे प्रमाण सर्व राज्यांत सर्वाधिक होते. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरण्यास विलंब लागतो. घट्ट पट्टीने सोललेली त्वचा अशा रुग्णाला जाणवतही नाही. त्या लहानशा ओरखड्याचा व्रण होतो आणि व्रण चिघळल्यास बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. पायावरील कुरूप काढण्यासाठी मिळणाऱ्या सॅलिसिलिक ॲसिडयुक्त पट्ट्या तर मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नयेत.

त्यात गोव्याच्या हवामानाची भर पडते. पावसाळ्याचे चार महिने आणि एरवीचा दमटपणा यांमुळे पट्टीखाली घाम साचतो, त्वचा पांढुरकी व मऊ पडते आणि सहज फाटते. मासळी हाताळणारे, शेतात राबणारे आणि दिवसभर पाण्यात हात असणारे यांच्या बाबतीत ओली पट्टी वेळेवर बदलणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

किंमत घटली, दर्जाचे काय?

वस्तू व सेवा कर परिषदेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्णयानुसार गॉज, बँडेज, चिकट प्लास्टर अशा किरकोळ विक्रीच्या वैद्यकीय साहित्यावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा दिलासा स्वागतार्ह आहे. परंतु स्वस्ताई आणि योग्य निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांचे ‘ए’ ते ‘डी’ असे चार वर्ग आहेत. निर्जंतुक न केलेली साधी चिकटपट्टी सर्वात कमी जोखमीच्या ‘ए’ वर्गात मोडते. या वर्गातील निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ मध्ये परवान्यातून सूट देण्यात आली. उत्पादकाने ऑनलाइन नोंदणी करणे पुरेसे ठरते. प्रत्येक गुंडाळ्यासाठी परवाना मागणे व्यवहार्य नाही, हे मान्य. मात्र अशा व्यवस्थेत दर्जाची जबाबदारी खरेदीदारावर येते, आणि सरकारी खरेदीत साधारणतः सर्वात कमी दराची निविदा बाजी मारते. निविदेत केवळ रुंदी, लांबी आणि दर असेल, तर गोंद कोणता, वाफ बाहेर पडते की नाही, लॅटेक्स आहे की नाही, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दोन रुपयांनी स्वस्त पडलेली पट्टी त्वचा सोलून गेली, तर पुढील मलमपट्टीचा, प्रतिजैविकांचा आणि इस्पितळातील मुक्कामाचा खर्च कोणत्याही निविदेत दिसत नाही.

गोव्यासारख्या लहान राज्याला ही सुधारणा लवकर साधता येईल. बांबोळीचे गोमेकॉ इस्पितळ, दोन्ही जिल्हा इस्पितळे आणि आरोग्य केंद्रे यांच्यासाठी एकच निकषपत्र करता येईल : सर्वसाधारण वापरासाठी कागदी पट्टी, नळ्यांसाठी कृत्रिम रेशमी, आधारासाठी कापडी, तर अर्भके, वृद्ध आणि मधुमेही व्रणाचे रुग्ण यांच्यासाठी मर्यादित प्रमाणात सिलिकॉनची. उघडे गुंडाळे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर फिरवण्याऐवजी प्रत्येक रुग्णासाठी लहान गुंडाळे ठेवल्यास जंतूंचा प्रवासही रोखता येईल. रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधांप्रमाणेच पट्टीचा प्रकार लिहिला जावा.

घरच्या घरी पाळायचे नियम मोजकेच आहेत. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, आधी निर्जंतुक गॉज ठेवावी आणि भोवतीच्या कोरड्या त्वचेवर पट्टी न ताणता लावावी. बोटाला पूर्ण वेढा घालू नये. काढताना एका हाताने त्वचा दाबून धरून, पट्टी मागे दुमडत, त्वचेलगत आणि केसांच्या दिशेने सावकाश सोडवावी. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा मांज्याची काच आत गेल्याची शंका असेल, तर पट्टीच्या भरवशावर न राहता इस्पितळ गाठावे आणि धनुर्वाताच्या लशीबाबत विचारावे. मधुमेहींनी पावलांवरील प्रत्येक पट्टीखालची त्वचा रोज पाहावी. संवेदना मंदावलेल्या पायाची इजा अनेकदा आधी डोळ्यांनाच कळते.